निसर्गाची नोंदवही आणि ‘जर्नल’चा घोळ : पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत शाळांमधून ‘नेचर जर्नल’ हा शब्द बराच ऐकू येतो. एकाच झाडाखाली पुन्हा पुन्हा जायचे, तारीख, वेळ, ऊन-पाऊस लिहायचा, दिसेल तसे चित्र काढायचे आणि पडलेला प्रश्न शेजारी मांडायचा, इतकी साधी ही पद्धत. पण आपल्याकडे ‘जर्नल’ म्हटले की प्रयोगवही आठवते. राहिलेली पाने मैत्रिणीच्या वहीवरून उतरवायची, आकृत्या सुबक काढायच्या आणि परीक्षेआधी बाईंची सही घ्यायची. ‘जर्नल पूर्ण केलं का?’ हाच प्रश्न रूढ आहे. त्यामुळे निसर्गनोंदींची वही वर्गात पोचली तीच या सवयीवर स्वार होऊन. पळसाचे पान मुलांनी झाड न पाहता फळ्यावरून काढलेले मी पाहिले आहे, आणि प्रत्येक वहीत ते हुबेहूब सारखे होते.

या घोळाचे एक मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आहे. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करावा, असा निर्देश 1991 मध्ये एका जनहित याचिकेवर दिला गेला. राज्यांनी चालढकल केली. डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा आदेश निघाला: पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करा आणि 2004-05 पासून लागू करा. वाद झाला तो स्वतंत्र विषय की सगळ्या विषयांत मिसळलेला आशय, यावर. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा कल मिसळण्याकडे होता; महाराष्ट्रात अकरावी-बारावीला मात्र वेगळा, गुणांचा विषय उभा राहिला. सक्तीचा हेतू चांगलाच होता. पण विषय म्हटला की पुस्तक आले, गुण आले, प्रकल्प आला, आणि प्रकल्पासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे तयार चित्रांचे तक्तेही आले. वेळापत्रकात तास मिळाला, बाहेर जायची वेळ मिळाली नाही. माझ्या मते या निर्णयाची खरी किंमत ती आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली.

‘परिसर’ आणि ‘पर्यावरण’ यांचीही सरमिसळ झाली. प्राथमिकच्या ‘परिसर अभ्यासा’ची कल्पना 1975 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून आली. त्यात विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, इतिहास सगळेच सामावले, म्हणून चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवचरित्र येते. परिसर म्हणजे जिथवर मूल चालत जाऊ शकते ती जागा. पर्यावरणात ओझोनचा थरही येतो. मोठ्या वर्गांत मुले ओझोनवर परिच्छेद लिहितात आणि शाळेच्या कुंपणावरची वेल ओळखत नाहीत.

याआधीचे सांगायचे तर इंग्रजी अमदानीतले वस्तुपाठ, म्हणजे वस्तू समोर ठेवून शिकवायचे धडे, होते. पण आपल्या मातीतले खरे उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या कोसबाड परिसरातल्या कुरणशाळेचे. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. खडे, बिया, पाने हेच साहित्य झाले. त्यावर बरेच लिहिले गेले आहे.

2001-02 पासून राष्ट्रीय हरित सेनेचे, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण योजनेतले विद्यार्थ्यांचे, गट शाळाशाळांत सुरू झाले. त्यांचा भर वृक्षारोपण, फेऱ्या आणि दिन साजरे करण्यावर राहिला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आले, तेही मुख्यतः कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. 2024 मध्ये राज्यात ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे नेहमीच्या धड्यांऐवजी उपक्रमांचा शनिवार, आला. काही शाळांनी तो दिवस नोंदवहीला दिला आहे, हे फार मोलाचे आहे.

झाडांच्या बहराच्या नोंदी मुलांकडून दर आठवड्याला घेणारे उपक्रमही याच दशक-दीड दशकातले. त्यांच्यापुढची अडचण शालेय वर्षाची आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, तोवर काजव्यांचा बहर बहुतेक ओसरलेला असतो. पळस आणि पांगारा फुलतात ते परीक्षांच्या धांदलीत, बहावा तर एप्रिल-मेमध्ये. तेव्हा वही मुलांच्या घरी असते की तपासणीसाठी शाळेच्या कपाटात, हे शाळेशाळेवर अवलंबून आहे.