आवक आणि उपसा: पंप बदलला म्हणून विहीर बदलत नाही

सांगली-साताऱ्याकडे ‘उपसा’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी, जतच्या माळावर नेले आणि त्यासोबत एक समजूतही आमच्याकडे पक्की करून टाकली: पंप जेवढा मोठा, तेवढे पाणी जास्त. नदीच्या काठावर ही समजूत बहुतेक वेळा खरी ठरते, कारण नदीचे पाणी पंपाच्या तोंडाशी यायला काही अडथळा नसतो. तीच समजूत बोअरला लावली की पैसे वाया जातात. तेलविहिरीला लावली की काय होते, ते मी गुजरातेतल्या तेलक्षेत्रात उत्पादन विभागात काम करताना वर्षानुवर्षे पाहिले, आणि निवृत्तीनंतर विट्याजवळ गावी परतलो तर इथे बोअरच्या कडेला तोच घोटाळा पुन्हा समोर आला. ‘तेल कमी झालंय, मोठा पंप टाका’ आणि ‘पाणी तुटतंय, साडेसातची मोटार टाका’ ही दोन्ही वाक्ये एकाच चुकीतून निघतात.

पंपाची बाजू वाचकांना चांगली माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. तेलविहिरीत वापरला जाणारा विजेवरचा पाणबुडी पंप आपल्या सबमर्सिबलचाच मोठा भाऊ आहे: खाली मोटार, वर एकावर एक रचलेल्या स्टेज (म्हणजे द्रव वर ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांचे टप्पे), बाहेरून खाली गेलेली केबल. हा प्रकार रशियातून अमेरिकेत गेलेल्या आर्मेस अरुतुनॉफ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत व्यवहारात आणला. मेहसाण्याच्या शेतांमधून जाताना मान वर-खाली करणारी जी यंत्रे दिसतात, ती सळईच्या साहाय्याने खोल बसवलेला पंप हलवतात आणि हातपंपाशी त्यांचे नाते जवळचे आहे. घट्ट तेलासाठी स्क्रूसारखा फिरणारा पंप असतो. गॅस लिफ्टमध्ये पंपच नसतो; वरून दाबाने वायू सोडून नळीतला द्रवाचा स्तंभ हलका केला जातो आणि मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्रात ही पद्धत सोयीची पडते. या पद्धतींपैकी कोणती श्रेष्ठ यावर लोक तासन्तास बोलतात. माझ्या मते ती दुय्यम चर्चा आहे, कारण या सगळ्यांचे काम एकच आहे आणि ते काम नेमके काय, इथेच लोक चुकतात.

पंप खडकातले तेल ओढत नाही, आणि पाणीही ओढत नाही. ‘खेचणे’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. खडकातला द्रव खडकातल्या दाबाने विहिरीकडे ढकलला जातो आणि विहिरीच्या तळाशी उभा असलेला द्रवाचा स्तंभ त्याला उलट दाबतो. या दोन दाबांतला फरक जेवढा, तेवढी आवक. १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने हेन्री डार्सी यांनी वाळूतून वाहणाऱ्या पाण्यासाठी जो नियम मांडला, त्याचाच हा विस्तार आहे. पंप वरचा द्रव उचलून नेतो, त्यामुळे तळावरचे ओझे कमी होते आणि आवकीला वाट मोकळी होते. पंपाच्या हातात एवढेच आहे. समोर खडक किती दाबाने ढकलतो आणि त्याच्या फटी किंवा छिद्रे किती वाट देतात, यावर पंपाची काहीही सत्ता चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या एका पुतण्याच्या बोअरवर हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. त्याच्या साडेसहा इंची बोअरमध्ये पाच एचपीची मोटार होती. ती सुरू केल्यावर सुमारे १९ मिनिटांनी पाणी तुटून येई, म्हणजे धार सलग राहत नसे. विक्रेत्याने साडेसात एचपीचा सल्ला दिला, त्याने कर्ज काढून ती बसवली आणि पाणी ११ मिनिटांतच तुटू लागले. तेव्हा त्याने मला बोलावले. आम्ही मोटार बंद करून टेपला ओळंबा बांधून खाली सोडला. विश्रांतीच्या वेळी पाणी ४२ मीटरवर असायचे, उपसा थांबवला त्या क्षणी ते ११८ मीटरवर होते. पहिल्या दहा मिनिटांत ते २४ मीटर वर आले, पुढच्या दहा मिनिटांतही तेवढेच, म्हणजे ७० मीटरपर्यंत, आणि त्यानंतर चढण्याचा वेग मंदावत गेला. मोजणी सुरू असताना त्याने बोअरच्या तोंडाशी कान लावला, तर खोल कुठेतरी पाणी पडत असल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

त्या आवाजात सगळे उत्तर आहे. आपल्याकडचा काळा दगड एकसंध असतो, पाणी असते ते फटींत, आणि या बोअरची कामाची फट ७० मीटरच्या आसपास आहे. पाणीपातळी फटीच्या खाली गेली की फटीसमोरचा उलट दाब संपतो, आणि त्यानंतर पातळी ८० मीटरवर नेली काय किंवा ११८ वर नेली काय, फटीतून येणारे पाणी तेवढेच राहते. पाइपाने व्यापलेली जागा वजा जाता एका मीटरमध्ये साधारण २० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा मिनिटांत ४८० लिटर, सेकंदाला ०.८ लिटर. ही त्या बोअरची कमाल आवक. जुनी मोटार सेकंदाला सुमारे २ लिटर उपसत होती, नवी ३ लिटर. दोन्ही मोटारी आवकीपेक्षा मोठ्या असल्यामुळे त्या मुख्यतः बोअरमध्ये साठलेले पाणीच रिकामे करत होत्या. एका खेपेला जुनी मोटार सुमारे २३०० लिटर देत होती आणि नवी २००० लिटर. जास्त पैसे देऊन दर खेपेला कमी पाणी मिळत होते, कारण नवी मोटार लवकर रिकामे करते आणि तेवढ्या वेळात फटीतून आत यायला पाण्याला सवड कमी मिळते.

शेवटी त्याने दोन एचपीची मोटार बसवली, व्हॉल्व्ह आवळून विसर्ग सेकंदाला ०.७ लिटरवर आणला आणि आता वीज असते ते आठही तास पाणी न तुटता तासाला अडीच हजार लिटर येते. मोटार सुकी चालत नाही, स्टार्टर ट्रिप होत नाही.

तेलविहिरीत तत्त्व हेच आहे, पण एक फरक असा आहे की तिथे आवकीची रेषा वाकते; ती कशी, ते पुढे येईल. उदाहरणादाखल १५०० मीटर खोलीची विहीर घेऊ. सुरुवातीला खडकातला दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे. नळीत तेल भरले असता त्याचा स्तंभ तळाशी सुमारे १२८ किलो दाब देतो. खडक जिंकतो, विहीर आपोआप वाहते. काही वर्षांनी खडकातला दाब ११० किलोवर येतो. आता तेल नळीत सुमारे १३०० मीटर चढून, जमिनीच्या २०० मीटर खाली थांबते. लोक म्हणतात विहीर मेली. ती मेलेली नाही. खडक अजून ११० किलोने ढकलतो आहे, फक्त वरचे ओझे उचलायला कोणीतरी हवे. कृत्रिम उपशाची गरज इथे लागते. तेलाबरोबर पाणी येऊ लागले तर स्तंभ आणखी जड होतो आणि खडकातला दाब फारसा उतरलेला नसतानाही वाहती विहीर बंद पडते.

तळाचा दाब किती कमी केला की किती तेल येते, याचा आलेख म्हणजे विहिरीची आवक-रेषा. तेलात विरघळलेला वायू जोपर्यंत विरघळलेलाच राहतो, तोपर्यंत ती सरळ असते: दाब दुप्पट उतरवा, तेल दुप्पट. पण दाब एका मर्यादेखाली गेला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा वायू तेलातून सुटतो, खडकातल्या बारीक वाटा अडवून बसतो आणि तेलाला त्या वाटांतून सरकणे अवघड होते. अशा विहिरींसाठी जे. व्ही. व्होगेल यांनी १९६८ साली दिलेले सूत्र आजही पहिल्या अंदाजाला वापरतात. त्यानुसार तळाचा दाब शून्यावर नेल्यास जेवढे तेल आले असते, त्याच्या ७० टक्के तेल हा दाब खडकातल्या दाबाच्या फक्त निम्म्यावर आणल्यावरच मिळून जाते. दाब पाव हिश्श्यावर आणला की ९० टक्के मिळते. शेवटचा पाव हिस्सा उतरवून पदरात पडतात ते उरलेले १० टक्के.

आपल्या ११० किलोच्या विहिरीची कमाल आवक दिवसाला ६० घनमीटर आहे असे धरा. तळाचा दाब ५५ किलोवर आणला की ४२ घनमीटर येतील, २७ किलोच्या आसपास आणला की ५४. आता कोणी तिथे १०० घनमीटरचा पंप बसवला, तर उरलेले ४६ घनमीटर कुठून येणार? ते खडकात आहेत, पण त्या दिवशी विहिरीपर्यंत येणार नाहीत. द्रवाची पातळी पंपापर्यंत उतरेल, पंपात वायू शिरेल आणि पंप अर्धा पोकळ चालू लागेल. सळईच्या पंपावर हे हाताला कळते: सळई खाली जाताना अर्ध्या वाटेवर दट्ट्या द्रवावर आपटतो आणि वरच्या चकचकीत रॉडपर्यंत हिसका येतो. असे महिनाभर चालू ठेवले की सळया तुटतात. काही विहिरींत याहून वाईट होते: तळाचा दाब फार उतरवल्याने खालच्या थरातले पाणी वर चढते किंवा वाळू आत येते, आणि मग पंप काढला तरी विहीर पूर्वीसारखी होत नाही.

म्हणून आवक आणि उपसा हे दोन वेगळे आलेख एकाच कागदावर काढायचे असतात. एक सांगतो की तळाशी अमुक दाब असेल तर खडक किती देईल. दुसरा सांगतो की तेवढा द्रव वर पोहोचवायला तळाशी किती दाब लागेल. पंप या दुसऱ्या रेषेला खाली सरकवतो. दोन रेषा जिथे छेदतात, तेवढेच उत्पादन. नुसती पंपाची पाटी वाचून उत्पादन सांगणाऱ्या माणसाने दोनपैकी एकच रेषा पाहिलेली असते, आणि नुसता एचपी सांगणाऱ्याने तर तीही पाहिलेली नसते, कारण एचपी हा विसर्गाचा आकडाच नाही. तीच पाच एचपीची मोटार कमी खोलीवर जास्त पाणी देते आणि जास्त खोलीवर कमी.

पहिली रेषा बदलायची असेल तर पंपाकडे नव्हे, खडकाकडे जावे लागते. खोदताना वापरलेल्या चिखलाने विहिरीभोवतीचा हातभर थर बुजलेला असतो, त्यावर आम्लाची प्रक्रिया करतात. कडक खडकात दाबाने भेगा पाडतात. केसिंगला, म्हणजे विहिरीच्या कडेने बसवलेल्या पोलादी नळीला, नवी छिद्रे पाडतात. किंवा दुसऱ्या विहिरीतून पाणी आत सोडून खडकातला दाब टिकवतात. आम्लामुळे आपल्या विहिरीची कमाल आवक ६० वरून ९० झाली, तर ५५ किलोच्या त्याच दाबाला ४२ ऐवजी ६३ घनमीटर येतील. पंप मोठा करून ६० च्या पुढे जाताच येत नव्हते. अशी आवक वाढल्यानंतर पंप बदलणे मात्र योग्य आहे, कारण मग जुनाच पंप अपुरा पडतो.

याची उलट चूकही मी पाहिली आहे आणि ती अधिक काळ लपून राहते. पंप लहान असतो, तो बिनतक्रार चालतो, काहीही तुटत नाही, म्हणून कोणी बघत नाही. आणि त्याच्या डोक्यावर सहाशे मीटर द्रव उभा राहून खडकाला मागे रेटत असतो. म्हणून तेलविहिरीवर गेल्यावर मी पंपाचे नाव विचारण्याआधी द्रवाची पातळी विचारत असे. ती मोजायला वरून वायूचा एक धमाका सोडतात. नळीच्या प्रत्येक जोडावरून आणि शेवटी द्रवावरून परत येणारा प्रतिध्वनी कागदावर उमटतो, जोड मोजायचे आणि एका नळीच्या लांबीने गुणायचे. पातळी पंपाच्या बरीच वर असेल तर पंप अपुरा आहे, तो बदला. पातळी पंपापाशी येऊन टेकली असेल तर पंपाला हात लावू नका, खडकाचा विचार करा. आपल्या बोअरवर हेच काम ओळंबा लावलेला टेप आणि घड्याळ करते. मोटार बंद केल्यापासून दर दहा मिनिटांनी पातळी लिहायची, आणि तो कागद खिशात घेऊन मगच मोटारीच्या दुकानात जायचे.