बाइकची सीट आणि बूड: हे भांडण जुनंच आहे

लांबच्या राइडला दोन-तीन तास झाले की बूड कुरकुरायला लागतं, मग माणूस जरा डावीकडे सरकतो, जरा उजवीकडे, फुटरेस्टवर उभा राहतो आणि शेवटी सीटला शिव्या घालतो. शिव्या रास्तच आहेत, पण सीट अशी कशी झाली हे बघायचं तर पार 1885 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली डाइमलर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांनी राइटवागन बनवली, पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल मानतात ती, लाकडी फ्रेम, लाकडी चाकं आणि बरोब्बर इंजिनच्या वर चामड्याचं खोगीर. डाइमलरचा मुलगा पाउल ती घेऊन निघाला तर इग्निशनच्या तापलेल्या नळीमुळे खोगिरानेच पेट घेतला असं सांगतात. म्हणजे बुडाची तक्रार बाइकइतकीच जुनी.

पुढच्या बाइक्सनी सीट उचलली ती सायकलवरून. बर्मिंगहॅमच्या जॉन बूल्टबी ब्रूक्सने 1882 मध्ये सायकलच्या चामडी सॅडलचं पेटंट घेतलं होतं, त्यात गादी नाहीच, नुसतं ताणलेलं जाड चामडं, जे वापरून वापरून बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे वळण घेतं. बाइकवाल्यांनी तीच कल्पना रुंद केली आणि खाली दणकट स्प्रिंगा ठोकल्या, कारण बहुतेक गाड्यांना मागच्या चाकाला सस्पेन्शनच नव्हतं, खड्डा सरळ मणक्यात. हार्लेने 1912 मध्ये सीटखालच्या फ्रेमच्या नळीतच स्प्रिंग बसवली, त्यांच्या मोठ्या गाडीला मागे हायड्रॉलिक शॉकअप मिळाले ते थेट 1958 ला, ड्युओ-ग्लाइडवर. मधली 46 वर्षं सगळा भार सीटच्या स्प्रिंगांवर!

दुसऱ्या महायुद्धानंतर स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) आणि शॉकअप सर्रास यायला लागले, हादरे खाली चाकापाशीच जिरायला लागले, मग स्प्रिंगवालं सॅडल हळूहळू गेलं आणि दोघांची लांबलचक सीट आली. फोम तयारच होता, डनलॉपने 1929 मध्ये रबराच्या चिकापासून केलेला, आणि नंतर 1950 च्या दशकात पॉलियुरेथेनचा स्वस्त फोम आला, साच्यात ओता की सीट तयार.

माझ्या मते गडबड इथेच झाली. चामडं एका माणसाला सरावायचं, फोम मात्र साच्यातून सगळ्यांसाठी एकाच मापाचा निघतो, वरून रेक्झिन म्हणजे घाम जायलाही वाट नाही. त्यात शोरूममध्ये आपण बसून बघतो पाच मिनिटं, तेवढ्यात मऊ सीट भारीच वाटते, पण तासाभराने तोच फोम दबून दबून तळाला टेकतो आणि सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आधी मुंग्या मग आग. म्हणजे दुखणं आता खड्ड्यांचं राहिलं नव्हतं, तासन्‌तास एकाच जागी दबून राहण्याचं होतं, आणि त्यावर आणखी मऊ फोम हा उपाय नाहीच, उलट जरा कडक आणि मागे रुंद सीट जास्त टिकते.

हे सगळ्यात आधी कळलं ते दिवसभर गाडीवर बसणाऱ्यांना. अमेरिकेत आयर्न बट ही लांब पल्ल्याची बाइक रॅली 1984 ला सुरू झाली, तिच्याच नावाच्या संघटनेचं साधं सर्टिफिकेट हवं तरी 24 तासांत 1000 मैल, म्हणजे 1600 किलोमीटरच्या वर. असल्या लोकांनी सीटवर मेंढीचं कातडं टाकलं, लाकडी मण्यांची जाळी टाकली. दिसायला विचित्र, पण खालून हवा खेळते. मेमरी फोम 1966 मध्ये नासाच्या कामातून आला, विमानाच्या सीटसाठी, पण थंडीत तो कडक होतो. जेल पॅड गाडी उन्हात उभी केली की तापतं.

सगळ्यात हुशार उपाय मात्र बाइकच्या जगातून आलाच नाही. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून रोहो कंपनीने एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची उशी केली, एक कप्पा दबला की हवा शेजारच्यात जाते, आणि त्यावरूनच बाइकच्या सीटवर टाकायची एअरहॉक नावाची हवेची उशी आली. लोक ती ट्यूबसारखी टम्म फुगवतात आणि मग चेंडूवर बसल्यासारखे डुलत राहतात. खरं तर वर बसून हवा सोडत जायची, हाडं सीटला टेकतायत की काय असं वाटलं की थांबायचं, अर्धा इंच उचललेलं राहिलं तरी पुष्कळ.