इंद्रजाल मुखपृष्ठे (बी. गोविंद)

‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामाला टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू केली. तिच्या, विशेषतः आरंभीच्या अंकांच्या, रंगवलेल्या मुखपृष्ठचित्रांचा विचार या नोंदीत केला आहे. ही चित्रे बी. गोविंद यांची. पुढे ‘बहादूर’ या नायकाच्या कथा रेखाटणारे गोविंद ब्राह्मणिया ते हेच. माला इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीतही निघे. खानदेशात ती मुख्यतः रेल्वेमार्गावरच्या गावांत वाचली गेली. भुसावळ जंक्शनवर नागपूर, खांडवा आणि सुरत या तिन्ही दिशांच्या गाड्यांचा राबता असल्याने तेथे मराठी व हिंदी दोन्ही भाषांचा वाचक होता. खानदेशच्या चित्रवारशाची चर्चा बहुधा सीमेवरचे अजिंठा आणि चाळीसगावचे छायाचित्रकार-चित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांच्यापाशी थांबते. छापील चित्रावर वाढलेल्या पिढ्यांची नजर कशी घडली, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. वस्तुतः तो तितकाच महत्त्वाचा आहे.

गोविंद यांच्या नावावर नेमकी किती मुखपृष्ठे घालावीत, याबाबत एकवाक्यता नाही. साधारणपणे पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठे त्यांची मानली जातात. हा आकडा ढोबळ समजावा. त्या काळच्या चित्रकथांत चित्रकाराचे नाव छापण्याचा प्रघात नव्हता, त्यामुळे चित्रातली सही आणि रेषेची ओळख हीच साक्ष उरते. दुसरा मुद्दा अनुकरणाचा आहे. आरंभीच्या इंद्रजालमध्ये ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाच्या कथा असत. अमेरिकेत गोल्ड की प्रकाशनाने १९६२ पासून त्याचीच पुस्तके काढली व त्यांवर जॉर्ज विल्सन यांची रंगवलेली मुखपृष्ठे दिली. आतली चित्रे रेषेची आणि मुखपृष्ठ मात्र पूर्ण रंगचित्र, ही रचना इंद्रजालने तेथूनच घेतली असावी. यावरून गोविंद यांची चित्रे विल्सन यांच्या चित्रांवर बेतलेली आहेत, असे एक मत मांडले जाते. रचनेपुरते ते मान्य करता येईल. मानवाकृतीच्या हाताळणीला ते लागू पडत नाही. विल्सन यांच्या चित्रात वातावरण भारी असते, आकृती त्यात सामावलेली असते. गोविंद आकृती पुढे आणतात, पार्श्वभूमी दोन-तीन सपाट रंगांत आटोपतात आणि सगळा जोर एका हालचालीवर देतात. दूरवर टांगलेल्या अंकाकडे स्टॉलसमोरच्या गिऱ्हाइकाची नजर जावी, एवढ्यासाठी ही निवड पुरेशी होती. पण तिच्यामागे शरीररचनेचा पक्का अभ्यास दिसतो, आणि गोविंद यांच्या कामाचे मोल ठरवताना तोच निर्णायक मानावा.

या चित्रांची अडचण समजून घेतल्याशिवाय त्यांची गुणवत्ता लक्षात येत नाही. फँटम, म्हणजे मराठीतला वेताळ, हा चित्रकाराच्या दृष्टीने अवघड नायक आहे. मुखवट्याआड त्याच्या डोळ्यांना बाहुल्या नसतात. राग, सावधपणा, दया यांपैकी काहीही नजरेतून दाखवता येत नाही. अंगावरचा पोशाख एकाच रंगाचा आणि घट्ट, म्हणजे कापडाच्या चुण्यांचाही आधार नाही. गोविंद यांनी भाव मानेच्या कलात, खांद्याच्या उतारात आणि पंजाच्या पकडीत आणला. पोशाखाच्या रंगाचाही एक इतिहास आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये पात्र निर्माण केले तेव्हा त्यांच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये वर्तमानपत्रांतली रविवारची रंगीत चित्रपट्टी सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा, तर इटलीत तांबडा झाला. जांभळ्या अंगावर उजेड दाखवायचा तर एका बाजूने फिकट गुलाबीकडे आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काळ्याकडे जावे लागते. चार रंगांच्या छपाईत अशा छटा सहज चिखलतात. गोविंद यांनी मधल्या छटा कमी ठेवल्या. त्यामुळे स्वस्त कागदावरही आकृती सुटी दिसते.

मुखपृष्ठ उलटताच वाचकाला वेगळाच हात भेटे. सुरुवातीच्या अंकांतल्या वेताळकथा बहुतांशी विल्सन मकॉय (१९०२–१९६१) यांच्या होत्या. पहिल्या अंकातली वेताळाच्या कमरेच्या पट्ट्याची कथाही त्यांचीच, मूळ १९५४ सालची. मकॉय यांची रेषा जाड, साधी आणि काहीशी ताठ आहे. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवण्यासाठी चौकटी कापाव्या किंवा वाढवाव्या लागत, तेव्हा तिचा ताठपणा अधिकच जाणवे. मजकुरातही फेरफार झाले. ‘बेंगाली’ या कल्पित देशाचे ‘डेंकाली’ केले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले आणि वेताळाच्या वडिलांचा मारेकरी ‘रामा’ हा ‘रामालू’ ठरला. भारतीय वाचकाला नावे खटकू नयेत, हा हेतू उघड आहे. गोविंद यांचे मुखपृष्ठ आणि मकॉय यांचे आतले पान शेजारी ठेवून पाहावे. भारतीय वाचकाच्या मनातला वेताळ भरदार आणि चपळ आहे, तो मुख्यतः मुखपृष्ठावरून आला, असे म्हणण्यास आधार मिळतो.

डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ लिहिला आणि चित्रांचे काम गोविंद यांच्याकडे आले. डाकूचा मुलगा, पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक चंबळच्या खोऱ्यात वावरतो. येथे गोविंद यांना प्रथमच चुण्या पडणारे कापड, फेटे, धोतरे, खाटा, विहिरींचे काठ असे ओळखीचे जग मिळाले आणि त्यांची रेषा मोकळी झाली. कुर्त्याची बाही कोपराशी कशी गोळा होते, धावताना कुर्त्याचा घेर कसा मागे राहतो, हे त्यांनी फार बारकाईने काढले आहे. चंबळच्या बीहडांची चित्रे खानदेशी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. तापी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी गाळाच्या मातीत पावसाने कोरलेल्या खोल घळी आहेत. अमळनेर-चोपडा भागात तापीकाठी उतरणाऱ्याला त्या परिचित असतात. उभे तुटलेले काठ, माथ्यावर बाभळी आणि तळाशी सावली, ही मांडणी गोविंद यांच्या चौकटींत पुन्हा पुन्हा येते. त्यांनी ती चंबळसाठी काढली, हे मात्र ध्यानात ठेवावे. खानदेशशी तिचा संबंध वाचकाच्या बाजूने जुळतो, चित्रकाराच्या बाजूने नाही.

अंक जपण्याची रीत या चित्रांच्या मुळावर आली. अंक दोन पिनांवर शिवलेला असे. पावसाळ्यात पिना गंजल्या की कागदावर तांबूस डाग पडे, मग बाहेरचे पान, म्हणजे मुखपृष्ठ, आधी सुटे होई. आरंभीच्या अंकांच्या मलपृष्ठावर मोठे चित्र असे. ते भिंतीला लावण्यासाठी काढले की त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग असलेले मुखपृष्ठही जाई. अंक एकत्र बांधताना बाइंडर तिन्ही बाजू कापून सारख्या करी. त्यात कडेजवळची सही गेली, तर चित्र निनावी होते. रद्दीत किंवा घरच्या माळ्यावर असे बांधीव गठ्ठे आढळल्यास सही कोपऱ्यात अर्धवट उरली आहे का, हे पाहावे. सही नसल्यास आकृतीच्या मानेचा कल आणि पंजे तपासावेत. मुखपृष्ठ हरवले असले तरी सुट्या अंकाचे मोल कमी समजू नये.

बहादूरच्या पुढच्या कथांचे लेखन जगजित उप्पल यांनीही केले. चित्रांत प्रमोद ब्राह्मणिया यांचाही हात आढळतो. १९९० मध्ये इंद्रजालचे प्रकाशन थांबले. तोवर इंग्रजीत ८०३ अंक निघाले होते. अनुक्रम ८०५ पर्यंत जातो, कारण संपामुळे १२३ व १२४ हे अंक निघाले नाहीत.