श्वानदंश-निरीक्षण (गोवा)

माणसाला चावलेल्या कुत्र्याला रेबीजच्या शंकेने दंशाच्या दिवसापासून १० दिवस वेगळे ठेवून त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची पद्धत. बोलण्यात ‘क्वारंटाइन’ रूढ आहे, कागदोपत्री ‘विलगीकरण’. मूळ व्हेनिसकडच्या बोलीतील चाळीस या संख्येवरून आलेला हा शब्द पोर्तुगीजमध्ये ‘क्वारेंतेना’ होतो. रगूसा (आजचे दुब्रॉव्हनिक) येथे साथीच्या भागांतून येणाऱ्यांना वेगळे ठेवण्यासाठी १३७७ मध्ये घातलेली मुदत मात्र ३० दिवसांची होती. ती पुढे ४० का झाली याविषयी धार्मिक आणि ग्रीक वैद्यकीय अशी दोन्ही स्पष्टीकरणे दिली जातात. कुत्र्याच्या १० दिवसांशी यांपैकी कशाचाच संबंध नाही. म्हणून ‘निरीक्षण’ हाच शब्द नेमका वाटतो.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविष (पिसाळलेल्या कुत्र्याचे विष) आणि जलत्रास (पाण्याची भीती) यांचे वर्णन आहे. कोंकणीत पिसाळलेल्या कुत्र्याला ‘पिसें सुणें’ म्हणतात. मराठी ‘पिसाळणे’ त्याच कुळातले.

मुदतीमागील तर्क असा. रेबीजचा विषाणू आधी मज्जातंतूंतून मेंदूत पोचतो आणि मगच लाळेत उतरतो. लाळ संसर्गजन्य झाल्यावर थोड्याच दिवसांत लक्षणे दिसतात आणि लक्षणांनंतर कुत्रा लवकरच मरतो. तेव्हा दहाव्या दिवशी धडधाकट असलेल्या कुत्र्याच्या लाळेत चावताना विषाणू नव्हता, असे मानता येते. प्रश्न कुत्र्याला रेबीज आहे का हा नसून त्या दिवशी लाळेत विषाणू होता का, एवढाच असतो. लक्षणांआधी लाळ संसर्गजन्य असते, हे रू आणि नोकार या फ्रेंच संशोधकांनी १८९० च्या सुमारास दाखवले. १९८२ मध्ये संशोधक फेकादू आणि सहकाऱ्यांनी मात्र इथिओपियातील विषाणूप्रकाराने बाधित कुत्र्यांत लक्षणांपूर्वी १३ दिवसांपर्यंत लाळेतून विषाणू बाहेर पडल्याचे नोंदवले. त्याआधी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील वीरराघवन यांनी तमिळनाडूतील सुरंडै गावच्या, वरवर निरोगी राहिलेल्या कुत्र्याच्या लाळेत अधूनमधून विषाणू आढळल्याचे लिहिले होते. अशा अपवादांवरून मुदत वाढवावी, असे काहींचे मत; बहुसंख्य तज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटना १० दिवसांवर कायम आहेत, आणि तेच व्यवहार्य दिसते. दंश झालेल्या माणसाला लस निरीक्षणाच्या निकालाची वाट न पाहता लगेच सुरू केली जाते, त्यामुळे अपवादाचा धोका बराच कमी होतो.

संसर्गाचा दिवस आणि लक्षणांचा दिवस यांची गल्लत भारतीय नियमांतही आढळते. प्राणी जनन नियंत्रण नियम, २००१ मध्ये रेबीजचा दाट संशय असलेले कुत्रे नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवावे असे म्हटले असून, मृत्यू ‘रोग जडल्यापासून’ साधारण १० दिवसांत येतो असे कारण दिले आहे. संसर्ग होऊन लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तेथे ‘लक्षणे दिसल्यापासून’ असे हवे होते. (या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली.) पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या कुत्र्याला महिनोन्‌महिने वेगळे ठेवावे लागते, ते याच कारणाने, त्या विलगीकरणाची या निरीक्षणाशी गफलत करू नये.

पाळीव कुत्रा घरीच बांधून ठेवता येतो. वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बेवारशी कुत्र्यासाठी निवारा केंद्र लागते. तेथे दुहेरी दाराचा, इतर कुत्र्यांशी जाळीतूनही नाक न लागेल असा पिंजरा, दार न उघडता अन्नपाणी देण्याची सोय आणि आधीच लस टोचलेला ठरावीक सेवक एवढे पुरते. दंशाचा दिवस शून्य धरतात. या काळात कुत्र्याला रेबीजची लस टोचत नाहीत, कारण लसीने आलेला अशक्तपणा आणि आजाराची सुरुवात यांत घोटाळा होतो. भुंकण्याचा आवाज बदलणे, जबडा लोंबणे ही लक्षणे पाहायची. लोंबता जबडा पाहून घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालणे ही जुनी आणि घातक चूक. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणुजन्य रोगाचे झटकेही रेबीजसारखे भासतात, आणि गजबजलेल्या केंद्रात तो अधिक वेळा भेटतो.

गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य शासन यांच्या मोहिमेत (२०१३–१९) पुढे वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के प्रमाण गाठले गेले. कुत्र्यांतील मासिक रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटली. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. रोग विरळ झाला की बहुतेक निरीक्षणे निरोगी कुत्र्यावरच संपतात आणि सेवक सैलावतात. लस घेतलेल्या कुत्र्यालाही हीच मुदत लागू असते. निरीक्षणात कुत्रा मेल्यास डोके बर्फात ठेवून तपासणीस धाडतात आणि मेंदूवर प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी (विषाणूला चिकटून चमकणाऱ्या प्रतिपिंडांची) करतात. जगल्यास पकडले होते त्याच वाड्यावर सोडतात.