पळपुटे तारे

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचे तारे बहुधा तारकागुच्छातच जन्मतात. तरीही त्यांतले काही एकटे सापडतात. असा तारा एकटाच जन्मला की गुच्छातून फेकला गेला, याचा माग त्याच्या गतीतून लागतो. परिसराच्या तुलनेत सेकंदाला ३० किमीहून अधिक वेग असल्यास त्याला पळपुटा म्हणतात. ही रेघ सोयीची, निसर्गाची नव्हे.

फेकले जाण्याच्या दोन वाटा आहेत. ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडलेली वाट अशी: जोडताऱ्यातल्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतल्या) एकाचा सुपरनोव्हा, म्हणजे प्रचंड स्फोट होतो, बंध तुटतो आणि सोबती आपल्या कक्षेतल्या वेगानेच सुटतो. त्यामुळे असे बरेच तारे संथच निघतात. दुसरी वाट १९६७ मध्ये पोवेदा व सहकाऱ्यांनी मांडली: दाट गुच्छात जोडतारे एकमेकांजवळून जाताना एखादा तारा भिरकावला जातो. सेकंदाला १०० किमीपुढचे वेग बहुधा इथले.

दृष्टिरेषेला आडवा वेग काढण्यासाठी निजगतीला, म्हणजे तारा आकाशात दरवर्षी सरकतो त्या कोनाला (मिलिविकला प्रतिवर्ष; मिलिविकला म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग), ४.७४ ने गुणून पराशयाने, म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे तारा सरकल्यासारखा भासतो त्या कोनाने (मिलिविकला) भागतात. निजगती १० आणि पराशय १ असेल, तर वेग सेकंदाला ४७ किमी. त्यात वर्णपटावरून मिळालेला त्रैज्य वेग (आपल्याकडे येण्याचा वा दूर जाण्याचा) मिळवायचा, सूर्याची गती व दीर्घिकेचे परिभ्रमण वजा करायचे, मग मार्ग उलटा काढायचा. सेकंदाला १ किमी म्हणजे दहा लाख वर्षांत सुमारे १ पार्सेक (सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे). म्हणून वेगात २ किमीची चूक तीस लाख वर्षांत ६ पार्सेक होते, आणि गुच्छाचा गाभा त्याहून लहान असू शकतो. न दिसणारा सोबती असला की निजगतीही फसवी निघते.

सारथी तारकासमूहातला एई आणि कपोत तारकासमूहातला म्यू हे तारे सेकंदाला सुमारे १०० किमी वेगाने जवळजवळ विरुद्ध दिशांना धावतात. हिप्पार्कोस या उपग्रहाच्या मोजमापांवरून दोघांचे मार्ग सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी मृगातल्या समलंब गुच्छापाशी मिळतात. आयोटा मृग हा २९ दिवसांच्या लांबट कक्षेतला जोडताराही तिथेच येतो. जोडतारे एकमेकांजवळून जाताना सोबती बदलल्याची ही खूण. एई आज ज्या तेजोमेघाला उजळतो, तो मात्र त्याचे जन्मस्थान नव्हे, वाटेत लागलेला ढग आहे. नुसती प्रतिमा पाहून इथे हमखास चूक होते.

निर्णायक ठरते ते घड्याळ. प्रवासकाळ गुच्छाच्या वयाएवढा असेल, तर हकालपट्टी गुच्छाच्या बालपणीच झाली. बराच कमी असेल, तर सुपरनोव्हाचा संशय. जलद परिवलन आणि पृष्ठावरचे वाढीव हेलियमही तेच सुचवतात, कारण ते सोबत्याकडून आलेल्या द्रव्याचे लक्षण. भुजंगधारी तारकासमूहातला झीटा हा तारा असाच. त्याच्यापुढे धुळीची धनुष्याकृती लाट अवरक्त प्रकाशात स्पष्ट दिसते.

कधी दोन्ही वाटा एकाच ताऱ्याच्या वाट्याला येतात: आधी जोडी फेकली जाते, वाटेत एकाचा स्फोट होतो आणि उरलेल्याची दिशा बदलते. अशा ताऱ्याचा उलटा मार्ग कोणत्याच गुच्छाशी पोहोचत नाही. तो जागीच जन्मल्यासारखा भासतो.