लेंटिक्युलर ढग

डोंगरावरून जोरात वाहणाऱ्या वाऱ्यामुळे तयार होणारे, भिंगासारखे मधे जाड आणि कडेला निमुळते असे गुळगुळीत ढग म्हणजे लेंटिक्युलर ढग. जपानमधला फुजी, अमेरिकेतली सिएरा नेवाडा, दक्षिण अमेरिकेतला पॅटागोनिया आणि आपल्याकडे लडाख ही ते बघायची चांगली ठिकाणं. बहुतेक वेळा ते 2 ते 7 किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात असतात, पण त्याच्या खाली आणि वरसुद्धा होतात.

आकार तर सुंदर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा ढग जागचा हलत नाही. वर वारा सुसाट वाहतोय आणि ढग कधीकधी तासन्‌तास तिथल्या तिथं. होतं असं की हवेचे थर स्थिर असतील, म्हणजे वर ढकललेली हवा परत खाली यायला बघत असेल, आणि वारा डोंगररांगेला साधारण काटकोनात आदळत असेल, तर डोंगर ओलांडला तरी हवा लगेच शांत होत नाही, ती खाली जाते, परत वर येते, परत खाली, आणि अशा लाटा डोंगराच्या पलीकडे बऱ्याच लांबपर्यंत चालू राहतात. ओढ्यात बुडालेल्या दगडाच्या मागे पाण्याचा उंचवटा एकाच जागी उभा असतो आणि पाणी मात्र त्यातून पुढे जात राहतं, तसाच हा प्रकार. लाटेच्या चढावर हवा थंड होते आणि बाष्पाचे थेंब बनतात, उतारावर हवा परत गरम होते आणि थेंब विरून जातात. म्हणजे ढगाची एक कड सतत बनत असते, दुसरी सतत संपत असते, आणि आपल्याला दिसतो तो फक्त लाटेचा माथा! हवेत ओलसर आणि कोरडे थर एकावर एक असतील तर ढगही एकावर एक रचलेले दिसतात.

ओळखायचं कसं? आधी डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला बघायचं, म्हणजे वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेला. मग एखादा खांब किंवा झाडाचा शेंडा धरून त्याच्या रेषेत ढगाची कड ठेवायची आणि थोडा वेळ एकाच जागी उभं राहायचं. बाकीचे ढग सरकले आणि हा तिथंच राहिला तर जवळपास नक्की समजा. मोबाईल टेकवून टाइमलॅप्स लावला तर अजून मस्त, ढगातून वारा जाताना अक्षरशः दिसतो. लांब डोंगररांग असेल तर रांगेला समांतर असे एकामागे एक पट्टे दिसतात, दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण 5 ते 30 किलोमीटर असू शकतं. ढगाची पातळ कड सूर्याजवळ असली तर गुलाबी-हिरवे रंग चमकतात, कारण तिथले थेंब बारीक आणि जवळपास सारख्या आकाराचे असतात, पण ते बघताना सूर्य एखाद्या भिंतीआड ठेवा, थेट बघू नका. वाढत्या पावसाळी ढगाच्या डोक्यावर येणारी पातळ टोपी वेगळी, ती काही मिनिटांत जाते आणि तिला डोंगर लागत नाही.

फुजी हा 3776 मीटरचा एकटा सुळका असल्यामुळे तिथं हे ढग फारच छान बघायला मिळतात. शिखरावर बसलेल्या ढगाला तिथले लोक कासागुमो म्हणतात, बाजूला लटकल्यासारखा दिसतो तो त्सुरुशिगुमो, आणि फुजीने टोपी घातली की पाऊस येणार असं तिथं पूर्वापार मानतात. त्यात तथ्य आहे, कारण कमी दाबाचा पट्टा जवळ येताना त्याच्या पुढे ओलसर आणि जोरदार वारा येतो. जपानी संशोधक मासानाओ आबे यांनी 1920-30च्या दशकांत फुजीजवळच्या गोतेंबा गावाहून या ढगांचे फोटो आणि फिल्म घेऊन त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, मला हे काम फार मोठं वाटतं.

ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, चालवणाऱ्या पायलटना हे ढग म्हणजे वर जायची खूणच. 1933 मध्ये जर्मन पायलट या लाटेवर पहिल्यांदा चढले, 1950च्या सुमारास सिएरा नेवाडात या लाटांच्या अभ्यासाची मोठी मोहीम झाली आणि 2018 मध्ये पर्लान 2 हे ग्लायडर अर्जेंटिनात 76,000 फुटांच्या वर गेलं. पण लाटेच्या खाली हवा गरगर फिरते, तिथं फाटके, लोळणारे ढग दिसले तर विमानाने लांब राहावं. आणि हवा कोरडी असेल तर लाट असूनही ढग बनतच नाही, हे जास्त धोक्याचं. 5 मार्च 1966 रोजी फुजीजवळ स्वच्छ आकाशात ब्रिटिश बोईंग 707 अशाच टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या जोरदार खळबळीत, तुटलं आणि 124 जण गेले.

सह्याद्रीवरही अशा लाटा होतात आणि हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी 1960च्या दशकात पश्चिम घाटावरच्या लाटांचं गणित मांडलं होतं. पावसाळ्यात खालच्या ढगांचा जाड थर असतो म्हणून सुटं भिंग दिसणं अवघड, आणि किल्ल्याच्या माथ्यावर धुक्यासारखा बसलेला ढग बघून लगेच लेंटिक्युलर म्हणू नये, काठ गुळगुळीत आणि ढग जागेवर आहे का ते आधी तपासावं.