टॉक-अप आणि बॅकटायमिंग: जुन्या रेडिओ डीजेंची दोन वेगळी गणितं

कॉम्प्युटर यायच्या आधी रेडिओ डीजे स्टॉपवॉच घेऊन बसायचे हे बऱ्याच जणांना माहितेय, पण त्या स्टॉपवॉचवर दोन अगदी वेगळी कामं चालायची आणि त्यांची सर्रास सरमिसळ होते. एक टॉक-अप, दुसरं बॅकटायमिंग. दोन्हीत सेकंद मोजायचे, आणि दोन्ही नीट जमली तर ऐकणाऱ्याला काही कळतच नाही.

टॉक-अप म्हणजे गाण्याच्या इंट्रोवर बोलणं. म्युझिक सुरू झालं की गायकाचा पहिला शब्द यायच्या आत डीजेने आपलं बोलणं संपवायचं. इंट्रो १४ सेकंदांचा तर बोलणंही १४ सेकंदांत बसलं पाहिजे. त्यासाठी शोच्या आधी रेकॉर्ड ऐकून इंट्रो मोजायचा, कार्डावर लिहून ठेवायचा, गाणं शेवटी फेड होतं, म्हणजे आवाज हळूहळू कमी होत जातो, की एकदम संपतं तेही लिहायचं. मग क्यू करायचं, म्हणजे सुई पहिल्या आवाजावर आणून रेकॉर्ड पाव ते अर्धा फेरा मागे फिरवून ठेवायची, नाहीतर टर्नटेबल स्पीड पकडेपर्यंत सूर घसरत घसरत वर येतो आणि ते ऑन एअर फार वाईट ऐकू येतं.

बॅकटायमिंगमध्ये मोजणी उलटी चालते. इथे शेवट ठरलेला असतो, सुरुवात शोधायची असते. समजा ५ वाजता नेटवर्कच्या बातम्या आहेत, त्या तुमच्यासाठी थांबणार नाहीत. त्याआधी ३:१२ चं गाणं, ३० सेकंदांची जाहिरात, २:४७ चं गाणं आणि १० सेकंदांचं जिंगल वाजवायचंय, बेरीज ६:३९, म्हणजे पहिलं गाणं ४:५३:२१ ला सुटलंच पाहिजे. ही बेरीज-वजाबाकी ६० च्या हिशोबात, बरेचदा कागदावर आणि तीसुद्धा मधेच माइक उघडून बोलता बोलता करायची, मला तर हे खरंच मोठं कौशल्य वाटतं.

आणि एवढं करून मध्ये मिनिटभराची जागा उरलीच तर? तर डेड रोल. समजा ३:२० चा इन्स्ट्रुमेंटल तुकडा आहे, तो ४:५६:४० ला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) बंद ठेवूनच सुरू करायचा. बाहेर अजून आधीचं गाणंच वाजतंय. ते ४:५८:५० ला संपलं की निवेदन करत करत फेडर हळूच वर घ्यायचा. लोकांना म्युझिक मधूनच ऐकू येतं पण संपतं मात्र बरोब्बर ५ च्या ठोक्याला. मला या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

खरा फरक कळतो तो चूक झाली की. टर्नटेबल २ टक्के फास्ट फिरत असेल तर १५ सेकंदांच्या इंट्रोत फक्त ०.३ सेकंदाचा फरक पडतो, तो कुणाला कळणारही नाही, पण ३:२० चं गाणं ४ सेकंद आधी संपतं आणि बातम्यांआधी ४ सेकंद शांतता. रेडिओवर ४ सेकंद म्हणजे भरपूर झाले. लेबलवरच्या वेळेचंही तसंच. १९६४ मध्ये रायचस ब्रदर्स या अमेरिकन गायक जोडीच्या एका गाण्याच्या लेबलवर निर्माता फिल स्पेक्टरने मुद्दाम ३:०५ छापलं होतं, कारण मोठी गाणी स्टेशनं वाजवायला तयार नसायची, आणि गाणं होतं खरं तर पावणेचार मिनिटांच्या आसपास. त्या लेबलवर विसंबून बॅकटाइम काढणारा ४० सेकंद चुकणार, टॉक-अप करणाऱ्याला मात्र काहीच फरक नाही कारण इंट्रो त्याने स्वतः मोजलेला. म्हणून गाण्याची पूर्ण लांबीसुद्धा स्वतः मोजलेलीच बरी.

बॅकटायमिंगमध्ये अजून एक सोय, शेवटचं गाणं फेड होणारं ठेवायचं, म्हणजे थोडं लांबलं तरी आधीच फेडर खाली घेता येतो. एकदम संपणाऱ्या गाण्यात ही मुभा नाही. टॉक-अपमध्ये सुटकेची वाटच नसते, गायकाने तोंड उघडलं आणि तुम्ही अजून बोलताय तर ते झालंच, ऐकणाऱ्याच्या कानावर गेलंच.